धुणं, दळण आणि तीन लाल फुल्या

सातवीतल्या भाचीची व्याकरणाची वही आज सहज चाळली आणि डोकंच फिरलं. प्रश्न: 'धातुसाधित नामे लिहा.' म्हणजे क्रियापदांपासून बनलेली नामं. पोरीनं लिहिलं: दळण, धुणं, वाटण. तिन्हींवर लाल फुली! बाजूला बाईंच्या अक्षरात चालणे, बोलणे, हसणे. गाईडातली.

अहो, 'दळण' चूक?

लहानपणी दर रविवारी आजी गव्हाचा डबा हातात द्यायची. "दळण टाकून ये गं. आणि गव्हावरच दळ म्हणावं त्याला, ज्वारीवर नको." डब्यात अख्खे गहू. जात्याला अजून लागलेलेसुद्धा नाहीत, तरी नाव दळण! गिरणीतून आणायला पाठवतानाही दळणच. घरी परातीत ओतलं की मग पीठ. धुण्याचंही तेच. बादलीत भिजतंय ते धुणं, दोरीवर वाळतंय तेही धुणं, घडी होऊन कपाटात गेले की कपडे. व्हायचं काम आधीच वस्तूचं नाव होऊन बसतं. गाईडात सापडेल हे?

बरं, वहीत 'धुणे' लिहायला हवं होतं. मान्य. कापा अर्धा मार्क.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही हं. तुर्कीत 'दोल्माक' म्हणजे भरून जाणे. शेवटचा 'क' गेला की 'दोल्मा', ताटातली भरली भाजी. आपलं सारण, पुरण ह्याच कुळातलं की! जर्मन लोक 'एसन' म्हणजे खाणे, त्याचं पहिलं अक्षर मोठं करतात, झालं जेवण. अरबीत पुढे 'म' लावून जागा तयार होते. सजदा, म्हणजे नमाजात जमिनीला डोकं टेकणं, ते करायची जागा ती मस्जिद, म्हणजे आपली मशीद. उतरायची जागा ती मंजिल, तीच आपल्याकडे 'मजल दरमजल' करत आली. जगभर बायाबापड्या, वाटसरू नामं घडवत आलेत आणि आमच्या पोरांनी मात्र 'चालणे, बोलणे' घोकायचं!

बाईंना ढीगभर वह्या तपासायच्या असतात, कळतं मला. तरीही.

भाचीला विचारलं, हे शब्द सुचले कुठून गं? म्हणाली, "तूच नाही का सांगत, पणजीचं दळण, येताना डबा पोटाशी धरला की गरम लागायचा म्हणून?" मग जरा थांबून, "आत्या, पण गिरणीत नक्की काय करतात?"

हिच्या घरी पीठ पिशवीतून येतं.

रविवारी डबा घेऊन जाणार आहोत दोघी. आमच्या कोपऱ्यावरची गिरणी अजून चालू आहे का, कुणाला माहीत असेल तर सांगा.