जोगलटेंभीची नाणी आणि सफोकचे शेत

नाशिकच्या गडप्रेमी मंडळींमध्ये मेटल डिटेक्टरवरून जो वाद रंगतो, त्यात दोन्ही पक्ष इंग्लंडचा दाखला देतात आणि दोघांचाही दाखला अर्धवट असतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, ऑनलाइन सहज मिळणारे हे यंत्र घेऊन हौशी तरुण किल्ल्यांच्या माच्यांवर आणि पडक्या गढ्यांत फिरू लागले आहेत, तेव्हा यंत्राच्या विक्रीवरच परवाना लावावा. इंग्लंडमध्येसुद्धा जमिनीतील ठेव्यावर राजाचा हक्क असतोच. दुसरा पक्ष विचारतो की, तिकडे सामान्य माणूस रविवारी यंत्र खांद्यावर टाकून बाहेर पडतो, जुनी नाणी शोधतो, वर बक्षीसही मिळवतो. मग आमच्याच गडांवर आम्हाला मज्जाव कशासाठी? मी मूळचा पंचवटीचा. आता सफोक परगण्यात इप्सविचला राहतो आणि तेथील एका हौशी मंडळाबरोबर हिवाळ्यातल्या सुट्ट्या चिखलात घालवतो. त्यामुळे या दाखल्यांबद्दल चार शब्द लिहिणे मला भाग वाटते.

इंग्लंडमध्ये या छंदाला जी मोकळीक आहे, ती प्रामुख्याने खासगी जमिनीवर आहे. सार्वजनिक जमिनीवर ती फार थोडी आहे. २००० साली तेथे एक कायदा झाला आणि डोंगर, माळ व गवताळ पडीक जमिनीवर पायी भटकण्याचा हक्क सर्वांना मिळाला. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात, मेटल डिटेक्टर जवळ बाळगणाऱ्याला हा हक्क नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. १९७९ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीविना यंत्र चालवणे हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. नॅशनल ट्रस्ट या मोठ्या वारसासंस्थेच्या जमिनीवर हौसेखातर यंत्र चालवता येत नाही. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी ओढणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. इंग्लंडमधील कालव्यांची देखरेख करणाऱ्या न्यासाने आपल्या पाण्यात नेमकी हीच गोष्ट करायला बंदी घातली आहे. लंडनमध्ये ओहोटीच्या वेळी थेम्सच्या काठावरचा चिखल चाळायलाही बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि त्याला मागणी इतकी वाढली की २०२२ च्या नोव्हेंबरात नवे अर्ज घेणेच थांबवावे लागले. उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडचे नियम आणखी कडक आहेत.

मग उरते काय? उरते ते शेतकऱ्याचे नांगरलेले शेत, आणि तेही त्याची परवानगी घेऊन. आमच्या मंडळात ही परवानगी कागदावर घेतली जाते, वस्तू विकली गेली किंवा बक्षीस मिळाले तर निम्मा वाटा शेतमालकाचा, हे आधीच ठरते, आणि गहू पेरला की आम्ही त्या बांधाकडे फिरकत नाही. या व्यवस्थेमागे एक साधे तत्त्व आहे, ज्याचा उल्लेख आपल्याकडच्या वादात मला कुठेच आढळत नाही. शतकानुशतके नांगरलेल्या मातीचा वरचा वीतभर थर आधीच उलथापालथ झालेला असतो. त्यातले नाणे मूळ जागेवरून हललेले असते, खतांनी ते झिजत असते आणि पुढच्या नांगरटीत त्याचे तुकडेही होऊ शकतात. ते उचलल्याने फारसे काही बिघडत नाही, मात्र कुठे सापडले याची नोंद झाली पाहिजे. त्या थराच्या खाली काही लागले तर हात थांबवायचा आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलवायचे, एवढी शिस्त अपेक्षित असते. किल्ल्याच्या माचीवर नांगर फिरलेला नसतो. तेथे वीतभर खणले की वाड्याच्या जोत्याचा, कोठाराच्या जमिनीचा, एखाद्या चुलीच्या राखेचा थर फुटतो आणि तो पुन्हा जुळवता येत नाही. ‘तिकडे चालते, मग गडावर का नको’ या प्रश्नाचे उत्तर मातीच्या या फरकात आहे.

इंग्रजांनाही हे एका दिवसात सुचलेले नाही. १९८० मध्ये तेथील पुरातत्त्वज्ञांनी या छंदाविरुद्ध मोठी मोहीम उघडली होती आणि दोन्ही बाजू एकमेकांना सरळसरळ चोर आणि मक्तेदार म्हणत होत्या. त्याच दशकात सरे परगण्यातल्या वॉनबरो येथील रोमन मंदिराची जागा लुटारूंनी अक्षरशः चाळून काढली आणि जुना कायदा तेथे निकामी ठरला. त्यातून १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आला. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू सापडली तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला, कळवायचे. संग्रहालयाला ती हवी असेल तर स्वतंत्र समिती बाजारभावाने किंमत ठरवते, आणि ती रक्कम सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. २०२३ मध्ये या व्याख्येत दोनशे वर्षांपुढच्या, विशेष महत्त्वाच्या वस्तूंचीही भर पडली.

परंतु माझ्या मते कायद्यापेक्षा महत्त्वाची ठरली ती १९९७ मध्ये त्याच्या जोडीने सुरू झालेली ऐच्छिक नोंदणी योजना. ब्रिटिश म्युझियम ती चालवते आणि इंग्लंड व वेल्समध्ये मिळून तिचे सुमारे चाळीस अधिकारी काम करतात. ज्या वस्तूंची वर्दी देणे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणजे तांब्याचे नाणे, मोडके बक्कल, शिशाचे वजन, त्याही हे अधिकारी पाहतात, मोजतात, फोटो काढतात, सापडल्याची जागा नकाशावर टिपतात आणि वस्तू परत देतात. आमच्या मंडळाच्या बैठकीला असा अधिकारी आला की टेबलाभोवती रांग लागते. एखादे झिजलेले नाणे हातात घेऊन तो सम्राटाचे नाव सांगतो, तेव्हा ज्याने ते आणले त्या निवृत्त सुताराच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही बक्षिसाने उमटणार नाही. या योजनेत आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. बहुतेक वस्तू हौशी लोकांनीच आणलेल्या आहेत.

आता नाशिककडे येऊ. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सर्व क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची होती. मात्र त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पांडवलेणीतल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरातांचा निर्वंश केल्याचे सांगते. आईने लिहविलेल्या त्या प्रशस्तीला या नाण्यांनी असा पुरावा दिला की, सातवाहनांचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिताच येत नाही. सफोकमध्ये होक्सन नावाचे गाव आहे. तेथे १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला यंत्र घेऊन आलेल्या त्याच्या परिचिताला रोमन काळातला ठेवा लागला, आणि त्याने सगळे उपसण्याऐवजी थांबून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जागेवरच उकलला. तेथेही सुमारे पंधरा हजार नाणी निघाली, शिवाय दागिने आणि चांदीची भांडी. पण त्याखेरीज हेही कळले की ते सर्व एका लाकडी पेटीत, आतल्या छोट्या डब्यांत विचारपूर्वक रचून ठेवलेले होते. हातोडाही संग्रहालयात जमा झाला, हे ओघाने आले.

जोगलटेंभीच्या नाण्यांचे भाग्य असे की, त्यांचा इतिहास त्यांच्या अंगावरच कोरलेला होता. प्रत्येक वस्तूला ते भाग्य लाभत नाही. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाची चार शिल्पे सापडली: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची ही अप्रतिम शिल्पे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातली की नंतरची, यावर पुढे विद्वानांत दीर्घ वाद झाला. त्या वादाचे एक कारण म्हणजे ती शास्त्रशुद्ध उत्खननातून बाहेर आलेली नव्हती. त्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. तो जळण काढत होता आणि यंत्र तर त्याच्याकडे नव्हतेच.

म्हणूनच यंत्रावर बंदी घातली की प्रश्न सुटेल, हे मला पटत नाही. नाशिक जिल्ह्यात जमीन उलथते ती जेसीबीने. सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. त्यासाठीचे रस्ते, घाट आणि पार्किंगची मैदाने यांसाठी नदीकाठाची जेवढी माती हलेल, तेवढी माती सगळे हौशी शोधक मिळून शंभर वर्षांत हलवू शकणार नाहीत. गावोगावच्या जुन्या वस्तीच्या टेकाडांवरची पांढरी माती शेतात टाकण्यासाठी ट्रॉली भरभरून नेली जाते आणि तिच्याबरोबर खापरे, मणी, नाणीही जातात. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले आणि गोदाकाठची ही वस्ती किती जुनी आहे ते दाखवून दिले. त्या गढीची आजची अवस्था नाशिककरांना मी वेगळी सांगायला नको. सराफ बाजाराच्या गटारातला गाळ चाळून सोन्याचा कण वेचणाऱ्या झारेकऱ्याला चाळणीत जुने नाणे मिळाले, तर ते मोडीत जाते, कारण ते दाखवायचे कुणाला हेच त्याला माहीत नसते.

कायदा नाही असे नाही. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे, आणि तो वाचला तर आश्चर्य वाटावे इतका उदार आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे, कुणी मूळ मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. इंग्लंडच्या निम्म्या-निम्म्या वाटणीपेक्षा हे प्रमाण शोधणाऱ्याच्या अधिकच बाजूचे आहे. मेख पुढे आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर मूळ कायद्यानुसार त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढेच द्यायचे. नहपानाच्या नाण्याचे वजन दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्या चांदीचे मोल आणि वर वीस टक्के, असा हिशेब समोर ठेवल्यावर कोणता शेतकरी आपण होऊन जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढेल? न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे, हे मात्र गावात सगळ्यांना ठाऊक असते. सिन्नरकडे शेती करणारा माझा मामेभाऊ म्हणतो, “दादा, नांगराला काही लागलं तर मी माती परत ओढून घेईन. कचेरीत गेलो तर आधी मलाच विचारतील, बाकीचं कुठे ठेवलंस.” शिक्षा वाढवून या भीतीवर उपाय होणार नाही, ती आणखी खोल जाईल.

याचा अर्थ गड खुले करावेत असा मुळीच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एका ऐतिहासिक चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याच्या मोहरांसाठी शेते खणत होते. आपल्याकडे तर गुप्तधनासाठी अघोरी प्रकार होऊ नयेत म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. त्याच २०२५ सालच्या जुलैत बागलाणचा साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला. साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठे आणि मोगल यांच्यात मोकळ्या मैदानावर मोठी लढाई झाली. इंग्लंडमध्ये १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईची जागा परंपरेने एका टेकडीवर दाखवली जात असे. शिस्तीने पट्ट्या आखून केलेल्या डिटेक्टर पाहणीत तोफांचे गोळे कुठे कुठे विखुरले आहेत ते टिपले गेले, आणि खरे रणांगण तेथून सुमारे तीन किलोमीटरवर निघाले. साल्हेरखालची शिशाची गोळी हौशी माणसाने खिशात घातली तर तिची किंमत भंगाराची. तीच जागच्या जागी टिपली तर १६७२ च्या लढाईचा नकाशा काढता येईल. हे काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, विद्यापीठाच्या देखरेखीखाली आणि प्रशिक्षित हौशी माणसांच्या हातून होऊ शकते. सफोकमध्येच रेंडलशॅम येथे हे घडले आहे. तेथे रात्री चोरून यंत्र चालवणाऱ्यांना कंटाळून जमीनमालकाने परगण्याच्या पुरातत्त्व विभागाला बोलावले, विभागाने चार विश्वासू छंदिष्टांना हाताशी धरले, आणि काही वर्षांच्या पाहणीतून बीड (Bede) या इंग्रज भिक्षू-इतिहासकाराने आठव्या शतकात उल्लेखलेली राजवस्ती उजेडात आली.

इंग्लंडची व्यवस्था निर्दोष नाही. लेमिन्स्टरजवळ २०१५ मध्ये सापडलेली सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. शोधणाऱ्यांनी ती लपवून विकली, २०१९ मध्ये ते तुरुंगात गेले, आणि हाती आली ती जेमतेम तीसेक नाणी. शेकडो लोकांना एकाच शेतात सोडणाऱ्या व्यापारी मेळाव्यांबद्दल तर आमच्या मंडळातली जुनी माणसेही नाक मुरडतात. नोंदणी अधिकारी कमी आणि वस्तू फार, ही तक्रार कायमची आहे.

तरीही नाशिकने तिकडून उचलायचेच असेल तर तो टेबलामागचा अधिकारी उचलावा, आणि त्यासाठी नाशिक अगदी योग्य ठिकाण आहे. अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्तांसारखा विद्वान तिचा पहिला संचालक होता. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर, शहरापासून इतक्या जवळ, नाणे हातात घेऊन ते कुणाचे हे सांगू शकणारी माणसे देशात फार ठिकाणी नाहीत. राज्य पुरातत्त्व विभागाने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या बाजाराच्या गावी असा तज्ज्ञ बसवावा. शेतकऱ्याने, झारेकऱ्याने, जेसीबीवाल्याने वस्तू आणावी, नोंद व्हावी, आणि वर्दी देणाऱ्यावर त्या वर्दीवरून गुन्हा दाखल होणार नाही, असे लेखी आश्वासन मिळावे. सरकारने ठेवा घेतल्यास त्याची किंमत धातूच्या भावाऐवजी बाजारभावाने ठरावी. त्यासाठी १८७८ च्या कायद्यातले एक कलम बदलावे लागेल. सिंहस्थाच्या कामांच्या निविदेत, खोदकामात काही निघाल्यास काम थांबवून कुणाला फोन करायचा, एवढी एक ओळ घालायला तर कायदाही बदलावा लागत नाही.

गड, लेणी, वनजमीन आणि रामकुंड हौशी यंत्रांना बंदच राहावीत. शेतमालकाच्या संमतीने नांगरलेल्या शेतात यंत्र चालवू द्यायचे की नाही, हा प्रश्न वरचा टेबल दोन-तीन वर्षे चालल्यावर, किती वस्तू आल्या आणि किती माणसे दुसऱ्यांदा आली ते पाहून सोडवावा. माझ्या मामेभावाला मी हे सांगितले. त्याने एवढेच विचारले, की तो टेबल सिन्नरला रविवारी लागेल का, कारण बाजार त्याच दिवशी असतो.