फुटक्या कवडीचा भाव

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय. तीन फुटक्या कवड्यांची एक कवडी, दहा कवड्यांची एक दमडी, दोन दमड्यांचा किंवा दीड पैचा एक धेला, तीन पैचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. खाली टीप: ही आपली प्राचीन चलनपद्धती, ‘फुटकी कवडीही देणार नाही’ वगैरे बोलणं इथूनच आलं, नव्या पिढीपर्यंत पोचवा.

रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हा हिशेब चोख आहे. फक्त तो प्राचीन नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत आपले आजी-आजोबा बाजारात हाच हिशेब करत होते.

खरी लोणकढी आहे ती पहिल्याच ओळीत. फुटकी कवडी नावाचं नाणं नव्हतं. कवडी नाणं म्हणून चाललीच मुळी अखंड शंख म्हणून: मालदीवच्या समुद्रातली, एकसारख्या आकाराची, टिकाऊ, नक्कल न करता येणारी. ती फुटली की तिच्यातलं चलनपण गेलं. आणि तीन तुकड्यांना एक अख्खी कवडी मिळाली असती, तर गावोगाव लोक रात्री वरवंटा घेऊन बसले असते! आपल्याकडे ‘अंगावर फुटका मणी नाही’ असंही म्हणतात. तीन फुटक्या मण्यांचा एक मणी असं कोष्टक कुणी मांडत नाही, कारण तिथे ‘फुटका’ कशासाठी आहे हे सगळ्यांना कळतं. कवडी आधीच क्षुल्लक. तीही फुटकी म्हटलं की देणं-घेणं संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट दहा कवड्यांच्या दमडीची. तक्त्याप्रमाणे गुणाकार केला तर रुपयाच्या २,५६० कवड्या होतात. हा आकडा हवेतला नाही, बंगालात १७५६ साली खरोखर हाच भाव होता. पण १७४० साली तो २,४०० होता. पुढे १७७८ च्या सुमारास सिल्हेटला (आजच्या बांगलादेशात) रॉबर्ट लिंडसे हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता, त्याने दिलेला हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण, चार काहणांचा रुपया. म्हणजे ५,१२० कवड्या. त्या जिल्ह्याचा महसूल कवड्यांतच जमा व्हायचा आणि तो ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा लागायचा. एवढी ताफाभर संपत्ती मोजायची तर गंडा, पण अशी मापंच लागणार; दहा-दहाच्या ढिगाऱ्यांनी ते कोण मोजत बसणार? कवडीचा भाव आजच्या कांद्यासारखा वरखाली व्हायचा. त्याला पाढ्यात बसवता येत नाही.

दमडीचंही तेच. ‘आईन-ए-अकबरी’त दमडी म्हणजे दाम या तांब्याच्या नाण्याचा आठवा हिस्सा, आणि ४० दामांचा रुपया. म्हणजे रुपयाच्या ३२० दमड्या. तक्त्यात २५६ आहेत. अकबराच्या काळातली दमडी आणि कंपनी सरकारच्या काळातली पै एकाच जिन्यावर बसवली की असा घोळ होणारच. ज्याने तक्ता जुळवला त्याने बेरीज-वजाबाकी नीट केली, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मराठीत आणताना तर आणखी गंमत झालीय. मूळ मजकूर हिंदीतला, त्यात ‘धेला’ म्हणजे अर्धा पैसा. आपल्याकडच्या एका आवृत्तीत कुणीतरी तिथे ‘अधेली’ घातलंय. मराठीत अधेली म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. तिची धाकटी बहीण पावली, चार आण्यांची. तक्त्याप्रमाणे चालायचं तर अधेली देऊन दोन दमड्या परत घ्याव्या लागतील. त्या वाण्याचा पत्ता मात्र मजकुरात नाही.