शंभरचा सुळका कोणी खाल्ला?

नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, पण टोमणा आवडला. सर्व्हर आणि नेटवर्कवरच्या लोडचे ग्राफ काढणाऱ्या टूलांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "जग केव्हाच ग्राफानावर गेलं, तुम्ही अजून आरआरडीटूलच्या हिरव्या चित्रांत रमलाय. त्यात पीक दिसतच नाही." (पीक म्हणजे लोडचं सगळ्यात उंच टोक.)

आधी माझी चूक. ग्राफाना आणि आरआरडीटूल मी एकाच तक्त्यात शेजारी बसवले, ते चुकलंच. ग्राफाना मागे बसलेल्या प्रोमिथिअस किंवा ग्राफाइट या आकडे साठवणाऱ्या टूलकडून आकडे मागून रेषा काढतं. आरआरडीटूल साठवतंही आणि चित्रही काढतं. तक्ता दुरुस्त करतो.

पीकवरून मात्र भांडणार. आरआरडीच्या फाईलचा आकार ती बनवतानाच ठरतो, म्हणून जुन्या नोंदी एकत्र दाबून त्यांचा एकच आकडा करावा लागतो. ५ मिनिटांना एक नोंद धरा, म्हणजे दोन तासांत २४. त्यात २३ वेळा सीपीयू १० टक्के आणि एकदा १००. सरासरी येते पावणेचौदा! लिंगाण्याचा सुळका होता, तिथे पर्वतीसुद्धा उरली नाही. पण त्याच फाईलमध्ये सरासरीसोबत मॅक्सचाही (म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्याचा) संच ठेवला असता, तर १०० तसाच राहिला असता. हे मूळ लेखात यायला हवं होतं, आलं नाही.

आणि ग्राफाना काही धुतल्या तांदळाचं नाही. मागे प्रोमिथिअस आहे, रेट (वाढीचा वेग) ५ मिनिटांच्या खिडकीवर काढताय आणि रेंज (ग्राफवरचा कालावधी) मोठी केल्यामुळे स्टेप (दोन बिंदूंमधलं अंतर) तासाची झाली, तर तासातली ५५ मिनिटं कोणी बघतच नाही. सुळका त्यात असला तर गेला. शिवाय प्रोमिथिअसचं रिटेन्शन (आकडे किती दिवस ठेवायचे ते) मुळात १५ दिवसांचं. ते वाढवलं नसेल, तर गेल्या दिवाळीचा लोड विसरा.

भोसरी एमआयडीसीतल्या एका क्लायंटकडचा किस्सा सांगतो. रात्री बॅकअप चालायचा, लिंक १ गिगाबिटची, पण ग्राफ ११४ मेगाबिटच्या वर चढेचना. आम्हीही तुमच्यासारखंच टूलवर खापर फोडलं. ग्राफाइट लावलं, वर ग्राफाना बसवलं, पोलिंग (स्विचकडून आकडे वाचणं) मात्र दर ५ मिनिटांचंच ठेवलं. रेषा देखणी झाली, छत तेच! मग लक्षात आलं, स्विचचा काउंटर (किती बाइट गेले ते मोजणारा आकडा) आपण ३२ बिटी वाचतोय. पूर्ण वेगात तो साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ५ मिनिटांत किती फेऱ्या झाल्या हे कुठल्याच टूलला कळणार नाही. ६४ बिटी काउंटर वाचायला घेतला आणि त्याच रात्री रेषा नऊशेच्या पुढे गेली. (दोन शनिवार गेले त्यात, घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.)

नव्या सर्व्हरना आणि कंटेनरना मीही प्रोमिथिअसच लावतो. जुन्या स्विचांचं आरआरडी काढणार नाही; वर्षाचा ग्राफ काही केबीत मिळतोय आणि डिस्क भरल्याचा फोन येत नाही.

आता तुम्ही एक करा. तुमच्या डॅशबोर्डवर महिन्याची रेंज लावा, सगळ्यात उंच टोकाचा आकडा लिहून ठेवा, मग तेवढाच दिवस झूम करा. दोन्ही आकडे इथे टाका.