शाफ्ट लांबवण्याबद्दल धुळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तिच्यातल्या शेवटच्या ओळीने झोप लागली नाही, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी हे लिहायला बसलोय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मोटारसायकलचा ड्राइव्ह शाफ्ट (साखळीऐवजी इंजिनचा जोर मागच्या चाकाला देणारा दांडा; मागचं चाक मागे सरकवलं की तोही लांबवावा लागतो) लांबवण्यावर मी जे लिहिलं ते लोकांना उगाच घाबरवणारं आहे. तुमच्याकडे रोटाव्हेटरचे शाफ्ट कापून-जोडून वर्षानुवर्षं चालतात. मी १२ हजारांचं काम सांगतो, आणि तुमच्या भाच्याच्या गाडीचा शाफ्ट गावातल्या वेल्डरने ६०० रुपयांत ४ इंच वाढवून दिला. मी गणित कुठेच दिलं नाही. आणि वर, "आमना गावमा चालस ना!"

तुमच्या दोन गोष्टी आधी मान्य करतो. "वेल्ड केलेला शाफ्ट कधीच वापरू नका" असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं. जीपचा काय नि ट्रकचा काय, प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे दोन्ही टोकांना योक (सांध्याचे दोन बोटांचे तुकडे) वेल्ड केलेला पाईपच असतो. ते वाक्य आज बदललं. आणि गणित दिलं नव्हतं हेही खरं. ते आता देतो.

रोटाव्हेटरपासून सुरू करू. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारी मागची दांडी, मिनिटाला ५४० फेरे मारते. मोटारसायकल ताशी १२० ने जात असेल तर मागचं चाक मिनिटाला साधारण १००० फेरे घेतं, आणि क्राऊन-पिनियनचं (शाफ्टची गती चाकाकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीचं) प्रमाण तीनास एक धरलं तर शाफ्ट ३००० फेरे फिरतो. शाफ्ट वाकडा असला की बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे जवळपास ३१ पट. एक किलोचा शाफ्ट मधोमध अर्धा मिलिमीटर बाहेर असेल तर रोटाव्हेटरच्या वेगाला तो दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा झटका देतो. मोटारसायकलवर तोच झटका ५ किलोचा होतो, तोही सेकंदाला ५० वेळा. शिवाय रोटाव्हेटरला शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो, आपण नवा टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. मोटारसायकलच्या शाफ्टला तशी सोय नाही.

आता लांबी. शाफ्ट लांब झाला की कमजोर होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पिळाचा ताण लांबीवर अवलंबून नसतो, जाडीवर असतो. लांबीने शाफ्ट थोडा जास्त पिळतो, एवढंच. दुसरी भीती असते दोरीउडीच्या दोरीसारखं मधोमध फुगण्याची. २० मिलिमीटरचा भरीव शाफ्ट ४०० मिलिमीटर लांब असेल तर ती वेळ १५ हजार फेऱ्यांना येते. ४ इंच वाढवून ५०० केला तर साडेनऊ हजारांना. आपण ३००० वर आहोत. म्हणजे लांबीच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, ४ इंचांनी काही बिघडत नाही.

बिघडतं ते जोडावर आणि धातूत. इंजिन ७० न्यूटन मीटर देत असेल आणि पहिल्या गिअरचं प्रमाण साडेचारच्या आसपास असेल, तर शाफ्टवर ३०० च्या वर पीळ येतो. २० मिलिमीटर जाडीत त्याचा ताण होतो २०० मेगापास्कल. आपल्या लेथवाल्यांकडे पडलेला साध्या ईएन-८ पोलादाचा बार १६० च्या आसपासच मान टाकतो. क्लच झटक्यात सोडला तर हा आकडा आणखी वर जातो. म्हणून मी ईएन-२४ हे जास्त ताकदीचं पोलाद म्हणतो, हार्डनिंग-टेम्परिंग केलेलं. १२ हजारांतला मोठा भाग त्याचा, स्प्लाइन (टोकाचे लांब दाते) पाडण्याचा आणि बॅलन्सिंगचा आहे.

दोन वर्षांपूर्वी असाच जोडलेला एक शाफ्ट माझ्याकडे आला होता. कुठल्या दुकानातला ते सांगत नाही. वेल्डिंगचा मणी शाबूत होता. तुटला होता त्याच्या शेजारी, ३ मिलिमीटरवर, आणि तिरका. खडू दोन्ही हातांत धरून पिळा, तो जसा तिरका तुटतो अगदी तसा. शाफ्टच्या पोलादात कार्बन जास्त असतो. गार बारवर सरळ रॉड चालवला की मण्याशेजारची पट्टी झटकन थंड होते आणि काचेसारखी कडक होते. चांगलं पोलाद आधी पिळतं, मग आडवं सपाट तुटतं. खडूसारखं तुटलं म्हणजे वेल्डिंगने त्याची काच केली. चिमट्याचं (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं, शाफ्ट त्याच्या आतच फिरतो) तेल काढलं तर राखाडी लापशी निघाली, आणि तुटक्या टोकाने आतून खोल चर पाडला होता. गाडी फाटकातून निघताना तुटली म्हणून माणूस वाचला. हायवेवर ते टोक आडवं अडकलं असतं तर मागचं चाक जागीच बसलं असतं.

मग करायचं कसं? आधी त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलचा लांब चिमटा आणि शाफ्ट मिळतो का ते बघा. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये आपल्या स्लॅश-फाइव्ह गाड्यांचा चिमटा ५० मिलिमीटरने लांब केला, त्यामुळे त्या गाड्यांना कारखान्याचाच लांब चिमटा आणि शाफ्ट बसतो. तसं नसेल तर नवा शाफ्ट. जोडायचाच झाला तर सीमलेस (बिनसांध्याचा) पाईप घ्या, टोकं लेथवर पायरी पाडून त्यात घट्ट दाबून बसवा, आधी तापवा, कोरडे लो-हायड्रोजन रॉड वापरा, आणि झालं की चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्या. दाते असलेल्या भागाजवळ वेल्डिंग नको, त्यांचं पाणी (कडकपणा) उतरतं. कापण्याआधी शाफ्टच्या अंगावर लांबीभर एक रेघ ओढा. दोन क्रॉसच्या (क्रॉस म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) शाफ्टमध्ये योक एका रेषेत राहिले नाहीत तर एका क्रॉसचा हिसका दुसरा मारत नाही, उलट त्यात भर घालतो. शेवटी व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून, फिरवत वाकडेपणा मोजायला डायल लावा. मी मधोमध ०.१ मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही.

चिमटा पुढून लांबवायचा नाही. पुढचा क्रॉस चिमट्याच्या पिनच्या रेषेतच राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शाफ्ट ओढला आणि दाबला जातो. मागून लांबवला तर एक फायदाही होतो, गॅस दिल्यावर गाडीची मागची बाजू वर उचलते ते कमी होतं. चिमटा जिगमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत) पकडूनच वेल्ड करा, तो ओढला जातोच.

कागदांचंही बघा. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, आरसी बुकात असतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

आता तुमची शेवटची ओळ. भाचा तीन आठवड्यांपासून त्याच गाडीने रोज धुळे-शिरपूर करतो, मागे बहिणीला कॉलेजला सोडतो. भाऊ, गाडी आजच उभी करा. शाफ्ट बाहेर काढा, जोड घासून स्वच्छ करा, रॉकेल लावून अर्धा तास ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर पुडीवर ओली रेघ उमटेल. रेघ दिसली नाही तरी गाडी चालवू नका, कडक झालेली पट्टी खडूने दिसत नाही. शाफ्ट जळगावला पाठवा, तपासायचे पैसे घेणार नाही. तापीवरच्या सावळद्याच्या पुलावरून भाचा आज संध्याकाळी परत येणार असेल, तर आत्ता फोन करा आणि त्याला एसटीने यायला सांगा.