जॉगिंग ट्रॅकचा चिखल आणि ‘तिकडे परदेशात’

पुण्याच्या उपनगरातल्या एका बागेचा वाद गेले काही आठवडे इथे माझ्यापर्यंत पोचतो आहे. रोज सकाळी तिथे फिरणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिकांनी महापालिकेकडे तक्रार केली: जॉगिंग ट्रॅकवर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. मागणी अशी, की ‘परदेशात असतो तसा’ सिंथेटिक ट्रॅक करून द्या. उद्यान विभागाचं उत्तर आलं, की तेवढा निधी नाही, पेव्हर ब्लॉक टाकून देतो. आपल्या पावसात मातीचा ट्रॅक टिकतच नाही, असंही त्यांचं म्हणणं. आता बागेत दोन तट पडले आहेत.

मला राग आला तो ‘परदेशात’ या एका शब्दाचा. मी त्याच परदेशात, अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये राहते. इथल्या लेडी बर्ड लेक या तलावाभोवतीचा ट्रेल, म्हणजे चालण्या-पळण्याची वाट, सुमारे १६ किलोमीटरचा आहे आणि त्याचा बराचसा भाग सिंथेटिकही नाही, सिमेंटचाही नाही. ठिसूळ ग्रॅनाइटचा चुरा आहे, दहा मिलिमीटरच्या खड्यापासून पिठासारख्या बारीक कणांपर्यंत सगळं एकत्र. म्हणजे आपल्या मुरुमाचा सख्खा चुलतभाऊ. आणि पावसाचं कारण तर सांगूच नये. ऑस्टिनला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला साडेसातशेच्या आसपास. पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत येतो हे मान्य; पण इथला कधीकधी एका दुपारी येतो.

चिखल होतो तो माती आहे म्हणून नव्हे. पाणी ट्रॅकवर थांबतं म्हणून होतो. नवीन ट्रॅक मधे उंच आणि कडेला उतरता असायला हवा, मीटरला दोन सेंटीमीटर ढाळ. दोन मीटर रुंदीच्या ट्रॅकचा मध्य कडांपेक्षा दोन सेंटीमीटर वर, एवढंच. लोक मधूनच पळतात, त्यामुळे तो मध्यच आधी झिजतो. दुसरीकडे कडेला पानं, माती साठते, त्यात गवत उगवतं आणि चार बोटं उंचीचा बांध तयार होतो. आता ट्रॅक पाठीसारखा राहत नाही, परातीसारखा होतो. पाणी कडेला जाऊ शकत नाही, लांबीच्या दिशेने धावतं, बारीक कण घेऊन जातं आणि ओघळ पाडतं. चढ शंभर मीटरला पाच मीटरपेक्षा जास्त असेल तर एका मोठ्या सरीत हात बुडेल एवढा ओघळ पडू शकतो. बारीक कण गेले की उरते सुटी खडी, आणि तिच्यावरून पाय घसरतो.

यावर सगळीकडे एकच उपाय होतो: ट्रक आणायचा, नवा मुरूम ओतायचा, रोलर फिरवायचा, बिल काढायचं. कडेचा बांध तसाच. जुन्या कडक थरावर नवा थर बसत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. दोन पावसांत पुन्हा तेच, आणि मग ‘माती टिकत नाही’ हा निष्कर्ष.

नीट करायचं तर आधी फावड्याने कडेचा बांध कापून काढा, पाणी जायला वाट आहे का ते बघा, तुंबलेला पाइप मोकळा करा. जुना थर दोन-तीन सेंटीमीटर उकरा. मग चाळलेला मुरूम आणि क्रशरची कच (दगड फोडताना निघणारा बारीक चुरा) मिसळून घाला. मिश्रण ओलं करून मूठभर दाबून पाहा: लाडू वळला पाहिजे, पण तळव्याला चिकटता कामा नये. चिकटलं तर चिकणमाती जास्त, तिथेच चिखल होणार. लाडू फुटला तर बारीक कण कमी, किंवा पाणी कमी. ओलं असतानाच रोलर फिरवा. कोरड्यावर फिरवलेला रोलर फक्त धूळ उडवतो. रोलर पोचत नाही अशा झाडाजवळच्या जागा धुमसाने चोपा. शंभर मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्ट्यावर अडीच सेंटीमीटरचा थर द्यायला सुटा माल साधारण सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो. याला मोठं टेंडर कशाला हवं?

पेव्हर ब्लॉकचा मला तिटकारा आहे. खालचा थर नीट दाबला नसेल तर एक ब्लॉक खचतो, शेजारच्याची कड वर येते, आणि सत्तरीच्या माणसाला ठेच लागायला तेवढी पुरते. सावलीत शेवाळ धरतं ते वेगळंच. तक्रार करणाऱ्या काकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, मागणी मात्र चुकली. कर्मचाऱ्यांवरही मी सगळा दोष टाकणार नाही. बांधकामाला पैसे मिळतात, फावडं घेऊन महिन्यातून दोनदा कड साफ करणाऱ्या माणसाला मिळत नाहीत. इथे २०२२ पासून त्या ट्रेलची देखभाल शहराशी करार करून एक ना-नफा संस्था बघते. पुण्यात त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. काकांनी दाद मागायची कुणाकडे?

इथे ओघळ दिसला तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकाला फोन करायचा आणि विसरून जायचं. तू कुठली, असं कुणी विचारत नाही. पुण्याच्या बागेबद्दल बोलले की मात्र विचारतात, ‘तू तिथे बसून कशाला बोलतेस?’ लागतं मनाला, कारण प्रश्न रास्त आहे. पण खरं सांगायचं तर इथला ट्रेल वाहून गेला तरी माझी झोप उडत नाही. त्या बागेतल्या चिखलाचा फोटो पाहिला की दिवसभर डोक्यातून जात नाही.

म्हणून काकांना एवढीच विनंती. पहिली वळवाची सर पडून गेली की दोन मीटरची सरळ पट्टी घेऊन बागेत जा. पट्टी ट्रॅकवर आडवी ठेवा, मधे किती बोटं पाणी आहे आणि कडेचा बांध किती उंच आहे ते मोजा. अशी दहा ठिकाणची मापं कागदावर लिहून मुकादमाच्या हातात द्या. मलाही कळवा.