सोळा पाडेली आणि एक माड

देवगडात बसून एफपीजीएचं काम करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. हे असतं काय, आणि ह्याच्यावर पोट भरतं काय? दुसऱ्याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. पहिल्याचं मी पाठ करून ठेवलंय: ही अशी चिप, की जिच्यातलं सर्किट कारखान्यात पक्कं होत नाही. ते आपण घरी बसून ठरवायचं, नाही पटलं तर पुसून पुन्हा ठरवायचं. १९८५ साली झायलिंक्स ह्या अमेरिकन कंपनीने असली पहिली चिप बाजारात आणली तेव्हा तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक, म्हणजे सर्किटाचे छोटे ठोकळे, होते. आता मोठ्या चिपांतला हिशोब लाखांत चालतो.

ह्या लाखोंपैकी कुणाला कुठे बसवायचं आणि त्यांच्यामधून तारा कशा न्यायच्या, हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याला आम्ही कंपाईल म्हणतो. माझ्या डिझाईनला दोन-अडीच तास लागायचे. तेवढ्यात बाजारात जाऊन बांगडे आणावेत, ते तळून होईस्तोवर ओट्याशी घोटाळावं, जेवून एक डुलकी काढावी आणि उठून बघावं तर स्क्रीनवर लाल अक्षरांत: टायमिंग हुकलं, उणे ०.०८७ नॅनोसेकंद. म्हणजे कुठल्यातरी तारेतला सिग्नल तेवढा उशिरा पोचतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो. त्या अडीच सेंटिमीटरपायी पुन्हा अडीच तास!

शेवटी नवा प्रोसेसर घ्यायचं ठरवलं आणि घरात सल्लागार मंडळ बसलं. मुंबईच्या चुलतभावाचं एकच पालुपद, ‘कोअर जास्त घे.’ कोअर म्हणजे प्रोसेसरातला एकेक काम करणारा गडी. त्याच्या मते कोअर म्हणजे काजूगर, जेवढे जास्त तेवढी उसळ बरी. पुण्यातल्या एका मित्राकडे ६४ कोअरचं धूड आहे. त्याला माझं प्रोजेक्ट पाठवलं आणि म्हटलं, एकदा चालवून बघ. त्याने टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला. एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, असे १२८ चौकोन, त्यातले दोन हलताहेत, बाकीचे सगळे सपाट. विवाडो, म्हणजे कंपाईल करणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर मुळात दोनच थ्रेड वापरतो, लिनक्सवर आठ. त्याच्या टीसीएल कन्सोलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून विंडोजवरही आठ करता येतात. मित्राने ती टाकली, आठ चौकोन थोडा वेळ हलले आणि प्लेसमेंटच्या, म्हणजे ब्लॉक बसवण्याच्या, बऱ्याच टप्प्यांत पुन्हा एकटाच राबायला लागला. एवढं करून माझ्या जुन्या मशीनपेक्षा थोडासाच आधी निकाल लागला.

हे मी शेजारच्या तात्यांना सांगत होतो. कशाला, ते विचारू नका. तात्या रोज चहाला येतात आणि समोर दिसेल त्या विषयावर बोलतात. त्यांनी कप खाली ठेवला.

“माड एक आणि पाडेली सोळा बोलवलंस, तर चढतलो कितके? एकच मा? बाकीचे खाली बिडी वडीत बसतले. आणि मजुरी सगळ्यांका दिवची लागतली.”

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या जीन अॅमडालने १९६७ साली जे मांडलं, ते साधारण हेच. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेळ ठरवतो. एक ब्लॉक इथे बसला की शेजारच्याची जागा बदलते, त्याची बदलली की तारेची वाट बदलते. असल्या कामात प्रत्येकाला मागच्याकडे बघतच पुढे सरकावं लागतं. माझ्यासारख्याला हवा एकच पाडेली, पण सरसर चढणारा. माड दहा असते, म्हणजे तेच डिझाईन दहा वेगवेगळ्या स्ट्रॅटेजींनी एकदम चालवायचं असतं, तर पुण्याचं धूड बरोबर होतं. मात्र तेव्हा मेमरीही दसपट लागते, हे धूड विकणारे हळू आवाजात सांगतात.

सरसर चढणारा म्हणजे कोण, ह्यावर मी रात्री जागवल्या. नुसते गिगाहर्ट्झ बघून भागत नाही. डिझाईनची सगळी जोडणी मेमरीभर विखुरलेली असते आणि प्रोसेसर सारखा इकडून तिकडे शोधत हिंडतो, म्हणून कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी, मोठी असली की त्याची पायपीट वाचते. एएमडी कंपनीच्या एक्सथ्रीडी प्रोसेसरांत ही कॅश ९६ एमबी किंवा त्याहून जास्त. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्सथ्रीडीमध्ये तर ती कोअरच्या डोक्यावरून काढून खाली घातली, त्यामुळे वरची उष्णता कूलरला सरळ भेटते. मे महिन्यात आमच्याकडे पंख्याचा वारासुद्धा गरम येतो. मला पटायला एवढं कारण पुरलं. आणि वीज! ६४ कोअरवाला थ्रेडरिपर ७९८०एक्स ३५० वॉटचा. म्हणजे निव्वळ प्रोसेसरपायी घरातले साडेचार पंखे. हा ९८००एक्सथ्रीडी १२० वॉटचा.

कुडाळच्या दुकानदाराने नाव ऐकताच विचारलं, “गेमिंगसाठी ना?” मी नाही म्हटलं. “मग ग्राफिक कार्ड कुठलं?” कुठलंच नको, म्हटलं. कंपाईलला त्याचा उपयोग शून्य, आणि स्क्रीन दिसण्यापुरतं ग्राफिक प्रोसेसरातच आहे. वाचलेल्या पैशांत मी रॅम घेतली, तीही दोनच स्टिकमध्ये, कारण चार लावल्या की ह्या डीडीआर५ जातीच्या रॅमचा वेग उतरतो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी लग्नात न जेवता उठणाऱ्या पाहुण्याकडे बघताना पाहिली आहे. कॅबिनेट तेवढं रंगीत दिव्यांचं निघालं. साधं शिल्लक नव्हतं. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजेल म्हणून त्याने वर सिलिकाच्या पुड्या फुकट दिल्या, आणि मागच्या जाळ्या नीट बघा, पाल आत शिरली तर वॉरंटीत बसत नाही, असंही बजावलं.

आता तेच काम तासाभरात होतं. पण मृगाचा पहिला शिडकावा झाला की लाईट जाते, तिला कॅशशी देणंघेणं नाही. राउटिंगच्या, म्हणजे तारा नेण्याच्या, लॉगमध्ये एकमेकींवर पडलेल्या तारांचा आकडा उतरत जातो: ३१२, मग ४०, मग ३. त्या तीनवर लाईट गेली की काय होतं, ते एफपीजीएवाल्यालाच विचारा. प्लेसमेंटपर्यंतचं काम चेकपॉइंट म्हणून डिस्कवर उरतं, पण राउटिंग पहिल्यापासून. म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. इन्व्हर्टरवाल्याने वहीत वॉट मांडून सांगितलं की पंखे चालतील, मशीन चालेल, फक्त त्याच वेळी मिक्सर लावायचा नाही.

हे आईसमोर सांगायला नको होतं त्याने. आमच्याकडे वाटपाशिवाय चूल पेटत नाही. प्रोसेसर निवडताना मी क्लॉक, कॅश, वॉट सगळं ताडून बघितलं होतं, पण साडेअकराचं खोबरं कुठल्याच तक्त्यात नव्हतं. आता लाईट गेली की स्वयंपाकघरातून हाक येते,

“वाटाप लावू काय रे? तुजा राऊटिंग झाला?”

“पाच मिनिटं थांब गो, तीन तारा उरल्यात!”

“तीनच मा? मग त्यो उद्या जोड.”