आत्तीला खाली बसवलं

आत्ताच घरी आले. साताऱ्यात भाचीची हळद होती. साडी बदलली नाही अजून, आधी हे लिहितेय, नाहीतर झोप यायची नाही.

स्टेजवर नाच चालू होता. महिनाभर सराव केलेला, प्रत्येकीची जागा ठरलेली. पोरी छान नाचल्या. तेवढ्यात आमची आत्ती, वय ७१, सकाळच्या एस्टीनं म्हसवडहून आलेली, पदर खोचून उठली आणि कडेला नाचायला लागली. नाच बसवणारा मुलगा धावत आला. "आजी, शूटिंगमध्ये येताय, खाली बसा." आत्ती बसली. हसत बसली. आमच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

कुणाला बसवलं हे त्या मुलाला काय माहीत!

मी बारा वर्षांची असेन. माण तालुक्यातलं आमचं गाव, काकाची वरात, वळीव पडून गेलेला, रस्ताभर चिखल. जनरेटर बंद पडला, बॅण्डवाले गप झाले. मग हलगीवाल्यानं पाचोळा पेटवला, ओलसर झालेली हलगी शेकली, आणि घुमकं-कैताळ घेऊन सुरू झाला. सगळ्यात पुढं आत्ती. नाचता नाचता तिचा पाय सर्रकन घसरला. बायका "अगं बाई" म्हणेपर्यंत ती त्याच पायावर गर्रकन फिरली होती. हलगीवाल्यानं तिथंच ठेका तोडून तिला झेललं. पुढं ते घसरणं दोघांनी मुद्दाम तीनदा केलं, अख्खी वरात ओरडत होती. मी भिंतीला चिकटून उभी. आत्तीनं मला हाताला धरून ओढलं. "पाय काय भाड्यानं आणल्यात व्हय? त्येच्या हाताकडं बघ, त्योच सांगंल."

ते मला कळलं वीस-पंचवीस वर्षांनी, अण्णांच्या आजारपणात. विसरभोळेपणा वाढत वाढत पार माणसं विसरण्यापर्यंत गेला. रोज संध्याकाळी विचारायचे, "बैलं सोडली का?" बैल विकून जमाना झालेला. मी रोज खरं सांगायची, ते रोज रडायचे. मी वेळापत्रक केलं, वहीत लिहून ठेवलं, काही उपयोग नाही. मग आत्ती राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "सोडली की. पाणी पाजलं, वैरण टाकली. ढवळ्या जरा लंगडतोय." अण्णा उठून बसले आणि अर्धा तास बैलाच्या पायाबद्दल बोलत राहिले! मी दारात उभी, आणि मला तो चिखल दिसला. समोरचा जिथं घसरेल तिथूनच गिरकी घ्यायची. अण्णा जाईपर्यंतची दोन वर्षं मी तशीच काढली. ते देतील त्या ठेक्यावर.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्या वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री, २०१८ साली गेल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली. बैठकीच्या लावणीत बाई जागची हलत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला डोळा वेगळा, हात वेगळा, अर्थ वेगळा. समोर बसलेल्याची दाद बघून पुढची अदा सुचते. हे आपल्या जिल्ह्यातलं. आणि आपण खडूनं जागा आखून नाचतोय.

हो, बसवलेल्या नाचालाही मेहनत लागते, मान्य. यमुनाबाईंची अदाही उभ्या जन्माच्या रियाजातून आलेली, तेही मान्य. पण ज्या नाचात ७१ वर्षांच्या बाईला जागा नाही तो हळदीचा नाच कसा? घरातली सगळ्यात चांगली नाचणारी बाई खुर्चीत आणि आपण टाळ्या वाजवतोय. चीड येते. शूटिंग कुणाला दाखवायचंय? चार वर्षांनी कोण बघतं ते?

त्या मुलावर फार राग काढण्यात अर्थ नाही. विशी-बाविशीचा असेल, पोटासाठी करतोय, त्याला काम दिलं ते आम्हीच. त्यानं "आजी" तरी म्हटलं. मला तेवढंही सुचलं नाही. घसरणाऱ्याला झेलायचं असतं हे जिच्याकडून शिकले, तिला आज मी झेललं नाही.

आत्ती आतल्या खोलीत झोपलीय. मघाशी पाय चेपायला बसले तर म्हणाली, "पोरी ग्वाड नाचल्या गं." बाकी काही नाही.

उद्या लग्न, संध्याकाळी वरात. भावाशी आत्ताच फोनवर भांडून घेतलंय. डीजे चौकात थांबणार. तिथून घरापर्यंत फक्त हलगी. हलगीवाल्यालाही सांगून ठेवलंय, की पुढं एक हिरव्या लुगड्यातली म्हातारी असेल, तिच्या पायावर नजर ठेव.